लावालीचा वाजणारा गळा

तुदुन-रिमी गावात शेकाराऊला ओळखायला त्याचं तोंड बघावं लागत नसे, गाल बघितले की पुरे. अल्गाइता वाजवताना ते असे फुगत, की शेजारी उभ्या ढोलकऱ्याला त्या बाजूचं जग दिसेनासं होई. वाजवणं थांबलं की तेच गाल रिकाम्या थैल्यांसारखे हनुवटीच्या दोन्ही अंगांना लोंबत. त्याची बायको डेलू म्हणायची, "जेवताना ते आवरून बसत जा हो. अर्धा घास तिथेच मुक्कामाला राहतो."

अल्गाइता ही सनईची दांडगट बहीण. सनई लग्नात लाजते, ही भांडते. लाकडाची नळी, वरून कातडं शिवलेलं, पुढे भोंगा आणि मागे गवताच्या देठाची चिमटलेली पाती. तिचं सगळं इंगित एवढंच, की सूर थांबता कामा नये. गालात हवा साठवायची, ती गालांनी ढकलत राहायची आणि त्याच वेळी नाकाने नवी हवा आत ओढायची. श्वास घ्यायला जो थांबला तो अल्गाइतावालाच नव्हे. शेकाराऊच्या बापाने त्याला पाण्याने भरलेल्या तुंब्यापुढे बसवून, तोंडात बाजरीची पोकळ काडी देऊन, पाण्यात बुडबुडे काढायला लावले होते. बुडबुडे थांबले की बापाचा हात सुरू. कितीतरी पावसाळे गेले तेव्हा कुठे तुंब्यातलं पाणी सकाळपासून न्याहारीपर्यंत उकळत राहायला लागलं.

तेव्हापासून गावातलं एकही बारसं, एकही ईद शेकाराऊवाचून झाली नाही. हाकिमाच्या वाड्याच्या फाटकाशी डाव्या बाजूला एक जागा होती. तिथे त्याचा आजा उभा राहिला, बाप राहिला, आणि आता तो राहत होता. आमच्याकडे धंदा रक्तातून चालतो. खाटकाच्या घरात खाटीक, न्हाव्याच्या घरात न्हावी, आणि फाटकाच्या डाव्या अंगाला शेकाराऊच्या घरचं कुणीतरी.

पण शेकाराऊच्या घरी होत्या पाच मुली. पाचही गुणी, आणि अल्गाइता सुरू झाली की पाचहीजणींना हमखास झोप यायची. चार मुलींना मिळून मुलं झाली ती मुलीच. हाकिमाने एकदा त्याला बोलावून सरळ सांगितलं होतं, "शेकाराऊ, तुझ्यामागे तुझ्या रक्ताचं कुणी उभं राहणार नसेल, तर ती जागा मी दुत्सी गावच्या वाजंत्र्यांना देईन. माझं फाटक मुकं ठेवता येणार नाही."

दुत्सीचे वाजंत्री! ते श्वास घ्यायला थांबतात, आणि थांबल्यावर थुंकतात. त्या दिवशी शेकाराऊ घरी येऊन जेवला नाही. त्याचे गाल लोंबलेले बघून डेलूने ताट झाकून ठेवलं.

धाकटी लाराई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि रमजानची धाकटी ईद होऊन गेल्यावर तिला मुलगा झाला. तिच्या सासरची माणसं कांद्याची शेती करणारी. बातमी ऐकून ते एक पोतं कांदे घेऊन आले, रडत हसले आणि गेले. बाळ आजोळीच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेलू खाटेखाली वाकून काहीतरी शोधत होती.

"काय हरवलं?" शेकाराऊने अंगणातून विचारलं. तो तोंडात पाती भिजवत बसला होता.

"कोंबडीचं पिल्लू शिरलंय कुठेतरी. मघापासून कुईं कुईं चाललंय."

तिने खाट हलवली, मडकी हलवली, कांद्याचं पोतं हलवलं. पिल्लू कुठेच नव्हतं. मग तिचं लक्ष बाळाकडे गेलं. बाळ उताणं पडलं होतं, शांत होतं, डोळे मिटलेले होते, आणि प्रत्येक श्वास आत घेताना त्याच्या गळ्यातून बारीक, उंच, थरथरता सूर निघत होता. हीऽऽक. मग श्वास बाहेर, गुपचूप. पुन्हा हीऽऽक.

शेकाराऊच्या तोंडातली पाती मांडीवर पडली. तो दारात येऊन उभा राहिला, आत गेला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने बाळाच्या तोंडाशी कान नेला.

"डेलू," तो म्हणाला, "हा सूर माझ्या आज्याचा आहे."

"हा सूर सर्दीचा आहे."

"सर्दी असली तर नाक वाहतं. हे बघ, नाक कोरडं आहे. आणि नीट ऐक. मी हवा सोडताना वाजवतो. हा ओढताना वाजवतोय! अगं, आमच्या घराण्यात ओढताना कुणी वाजवली नव्हती!"

लाराई भिंतीकडे तोंड करून बसली होती. पहिलटकरणीने आपल्या पहिल्या मुलाकडे चारचौघांत बघू नये, त्याचं नाव घेऊ नये, त्याची काळजी दाखवू नये, अशी आमच्याकडची लाज. सांगायचं असेल ते तिसऱ्याच कुणाला तरी सांगायचं. तेव्हा ती दाराशी बांधलेल्या शेळीला म्हणाली, "शेळीबाई, तुझं पिल्लू असं वाजलं असतं, तर तू त्याला दवाखान्यात नेलं असतंस की त्याच्यापुढे बसून कान हलवले असतेस?"

शेळीने कान हलवले. शेकाराऊने तोच कौल मानला.

सातव्या दिवशी बारसं. दारात मेंढा कापला गेला, सुपारीसारखी चघळायची कोलाची फळं वाटली गेली, मौलवींनी बाळाच्या कानात लावाली हे नाव सांगितलं, आणि मग वस्तऱ्यांची पिशवी काखेत मारून टांको न्हावी आला.

टांको शेकाराऊचा आतेभाऊ. आते-मामे भावंडांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवायची आणि दुसऱ्याने रागवायचं नाही, हा आमचा जुना शिरस्ता. हे दोघं पोरवयापासून एकमेकांना गुलाम म्हणत आले होते आणि मालक कोण याचा निकाल अजून लागला नव्हता.

"कुठाय माझ्या गुलामाचा नातू?" टांको फाटकातूनच ओरडला. "आणि हे गाल कुणी दारात टांगलेत? आत घ्या, कावळे बसतील!"

"ये रे माझ्या गुलामा. तुझा वस्तरा आज तरी कापतो, की नेहमीसारखा केस उपटतो?"

टांकोने बाळाचं जावळ सुबक काढलं, त्याबद्दल वाद नव्हता. मग त्याने पिशवीतून दुसरं हत्यार काढलं. लांब दांडीचं, टोकाला आकडीसारखं वाकलेलं. सातव्या दिवशी जावळाबरोबर घशातली पडजीभही काढायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गावात ज्याला त्याला विचारा, पडजीभ असलेला म्हातारा सापडायचा नाही.

टांकोने बाळाला मांडीवर घेतलं. बाळाने श्वास ओढला. हीऽऽक.

"हे बघा!" टांको जमलेल्या लोकांना म्हणाला. "पडजीभ सुजलीय. म्हणून वाजतंय. एक झटका, आणि आवाज बंद."

"काय बंद?" शेकाराऊने विचारलं.

"आवाज."

शेकाराऊ आयुष्यात इतक्या चपळाईने कधी उठला नव्हता. हातातलं कोलाचं ताट लोकांच्या अंगावर उडालं. त्याने टांकोच्या मांडीवरून बाळ उचललं आणि कांद्याच्या पोत्यामागे जाऊन उभा राहिला.

"माझ्या अल्गाइतेला हात लावशील तर बघ!"

"अरे, मी घशाचं म्हणतोय."

"तेच म्हणतोय मीही! तुझ्या आकडीने माझ्या घराण्याची पाती कापणार तू?"

"गुलामा, सगळ्या गावाची कापली मी. तुझी माझ्या बापाने कापली."

"म्हणूनच मला ओढताना वाजवता येत नाही!" शेकाराऊ गरजला, आणि हा मुद्दा त्या क्षणी त्याला स्वतःलाच इतका पटला की डोळ्यांत पाणी आलं.

लोक हसून हसून एकमेकांवर पडले. मौलवींनी दाढीत तोंड लपवलं. भिंतीकडे तोंड केलेली लाराई शेळीला म्हणाली, "शेळीबाई, तुझ्या पिल्लाच्या घशात कुणी आकडी घातली असती तर तू शिंग मारलं असतंस ना? मारलंच असतंस." आणि शेळीचा दोर तिने हळूच सैल केला. शेळी सरळ टांकोच्या पिशवीकडे गेली आणि तिने वस्तऱ्यांवरचं फडकं खायला घेतलं. बारसं तिथे संपलं. लावालीची पडजीभ शाबूत राहिली. आजोबाचं कारण साफ चुकीचं होतं, पण उपयोगी पडलं.

डेलूला मात्र आवाजाची काळजी होती. तिने नवऱ्याला बखोटीला धरून दवाखान्यात नेलं. तिथली परिचारिका आसाबे ही बाई गावातल्या निम्म्या पोरांना जन्मतारखेसकट ओळखायची. तिने बाळाला उताणं ठेवलं, पालथं ठेवलं, छाती बघितली, ओठांचा रंग बघितला, वजन केलं.

"दूध पितो?"

"पितो कसला, ओढतो," डेलू म्हणाली.

"पिताना निळा पडत नाही ना? बरगड्या खोल आत जात नाहीत?"

"नाही."

"मग घाबरू नका. श्वासनळीच्या तोंडावर एक झाकण असतं आणि त्याच्या भोवती थोडं मांस. या पोराचं ते फार मऊ आहे. श्वास ओढला की आत दुमडतं आणि थरथरतं, म्हणून वाजतं. उताणा असला की जास्त, पालथा धरला की कमी. तुम्ही पाती भिजवून भिजवून मऊ करता ना, बाबा? तसंच."

शेकाराऊ खुलला. "बघ! पातीच आहे. ही शिकलेली बाई सांगतेय."

"पुढचं ऐका. अजून काही महिने हा आवाज वाढेल. मग ते मांस घट्ट होईल आणि आवाज जाईल. वर्षात, दीड वर्षात. मधे कधी निळा पडला, दूध सोडलं, तर त्याच पावली घेऊन यायचं. आणि घशात काहीही कापायचं नाही. पडजीभेचा याच्याशी संबंध नाही."

शेकाराऊने यातलं 'वाढेल' इथपर्यंत ऐकलं होतं. 'जाईल' हा शब्द त्याच्या कानावर आला, पण त्याने तो आत घेतला नाही. निघताना त्याने विचारलं, "एक सांग बाई. हा दूध पिताना मधे थांबतच नाही. पितोय, नाकाने श्वास घेतोय, वाजतोय. तिन्ही एकदम. हे याला कुणी शिकवलं?"

आसाबे हसली. "ते सगळ्याच तान्ह्या बाळांना येतं. बाळाच्या श्वासनळीचं तोंड वर असतं, थेट नाकाच्या मागे टेकलेलं, मांजराचं असतं तसं. दूध दोन्ही बाजूंनी खाली जातं, हवा मधून. पुढे गळा लांब होतो, ते तोंड खाली उतरतं, मग ही सोय संपते."

"म्हणजे मलाही येत होतं?"

"तुम्हालाही."

घरी येऊन शेकाराऊ विचारात पडला. जे त्याला आपोआप येत होतं, तेच पुढे बापाने तुंबा आणि थपडा घालून शिकवलं. तेव्हा कुठेतरी आत ते शिल्लक असणारच, आठवलं पाहिजे एवढंच. डेलूने ज्वारीचे गोळे कुस्करलेलं ताक आणून दिलं. त्याने भांडं तोंडाला लावलं, डोळे मिटले, मनात तान्हं बाळ आणलं आणि गिळता गिळता नाकाने भलामोठा श्वास ओढला.

पुढे जे झालं ते अंगणातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलं. ताक दोन्ही नाकपुड्यांतून आलं याबद्दल एकमत आहे. ज्वारीचा कण शेळीच्या डोळ्यात गेला असं लाराई म्हणते. शेकाराऊ लाल होऊन खोकत होता, डेलू त्याच्या पाठीत दणके घालत होती, आणि दाराशी टांको उभा राहून गंभीरपणे विचारत होता, "वहिनी, याचीही पडजीभ बघू का? माझ्या बापाने अर्धी ठेवलेली दिसते."

आवाज खरंच वाढला. कापणीच्या दिवसांत तर लावालीचा सूर रस्त्यापर्यंत जायचा. शेकाराऊ त्याला बारशांना घेऊन जाऊ लागला. उताणा धरला की उंच, पालथा धरला की मंद, हे त्याने वाद्य जुळवावं तसं हातात बसवलं होतं. हाकीम हजला निघाला तेव्हा निरोप द्यायला गेलेल्या शेकाराऊने सगळ्यांसमोर पदर पसरावा तसा सदरा पसरून सांगितलं, "आयुष्य वाढो, हुजूर. फाटकाला वारस आला. गळ्यात अल्गाइता घेऊन आला."

हाकीम घाईत होता. "येत्या मोठ्या ईदेला तर मी इथे नाही. पुढच्या धाकट्या ईदेला फाटकाशी आण त्याला. माझ्या कानांनी ऐकीन. वाजला, तर जागा तुमच्याच घराची."

त्या दिवसापासून शेकाराऊ रस्त्याने छाती काढून चालायचा. दुत्सीचा कुणी माणूस बाजारात दिसला की मुद्दाम त्याच्याशी गोड बोलायचा.

मग पोराला दात आले. पोर रांगायला लागलं. आणि एका सकाळी शेकाराऊच्या लक्षात आलं की घरात शांतता आहे.

त्याने लावालीला उताणं ठेवलं. पोर हसलं. गुदगुल्या केल्या. पोर खिदळलं. हवेत उडवलं, झेललं, पुन्हा उताणं ठेवून गळ्याशी कान लावला. श्वास येत होता आणि जात होता, तेल घातलेल्या दारासारखा.

"पोर धडपणे श्वास घेतंय," डेलू म्हणाली, "आणि हा माणूस सुतक धरून बसलाय."

शेकाराऊ डेलूला न सांगता दवाखान्यात गेला. पोराला कडेवर घेऊन रांगेत बसला, आणि नंबर आल्यावर म्हणाला, "बाई, याचा आवाज परत आण."

आसाबेने कपाळाला हात लावला. "बाबा, इथे लोक आवाज घालवायला येतात. मी सांगितलं होतं ना? मांस घट्ट झालं. आणि गळाही आता हळूहळू खाली उतरेल. त्याशिवाय बोलणार कसा तो? वर नाकाला चिकटलेल्या गळ्यातून शब्द निघत नाहीत. आणि यापुढे जपायचं. शेंगदाणा नको, कोलाचा तुकडा नको. आता तो तुमच्यासारखा ठसकणार."

"बोलतात सगळेच," शेकाराऊ खिन्नपणे म्हणाला. "वाजतं कोण?"

ईद जवळ आली होती. हाकिमाला काय सांगायचं? आवाज होता, पण गेला? दुत्सीवाले तर रस्ताभर नाचतील. शेकाराऊने दोन दिवस गाल लोंबवून विचार केला आणि तिसऱ्या दिवशी अल्गाइतेची नुसती पाती काढून तोंडात धरली. हलकेच, ओठांच्या कडेने. हीऽऽक. हुबेहूब.

सराव म्हणून आणि लोकांना खात्री राहावी म्हणून तो भिंतीआड बसून वाजवू लागला. रस्त्याने जाणारे म्हणायचे, "वाजतंय हं पोर अजून." काम फत्ते होणार असं वाटत असताना एका दुपारी टांकोने भिंतीवरून डोकं वर काढलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डेलूवहिनी! धावा! अहो, मी कोपऱ्यावरच्या विहिरीपासून ऐकत येतोय, तुमचं बाळ एकसारखं वाजतंय, मधे श्वासच घेत नाही!"

शेकाराऊने पाती तोंडातून काढली. सूर तुटला. इतकी वर्षं न थांबता वाजवलेल्या माणसाला, बाळ थांबून थांबून वाजतं हे आठवलंच नव्हतं.

टांकोने पाती बघितली, शेकाराऊकडे बघितलं, मातीत शेळीच्या शेपटीशी खेळणाऱ्या गप्प लावालीकडे बघितलं. मग तो भिंतीवर हनुवटी टेकून बराच वेळ हलत राहिला. हसण्याचा आवाजही फुटेना.

"गेला ना? गुलामा, मी तर फुकट कापून घालवला असता! वर्षभर वाट बघितलीस!"

"टांको, कुणाला बोललास तर..."

"मी? माझ्या गुलामाची अब्रू ती माझी अब्रू. पण ईदेला मी पुढच्या रांगेत उभा राहणार. हे मी सोडणार नाही."

ईदेचा दिवस उजाडला. नमाज झाली, घोडे सजले, ढोल निघाले. थोरामोठ्यांसारखं शेकाराऊनेही त्या दिवशी पांढरा फेटा बांधला, आणि त्याचं टोक आमच्याकडे बांधतात तसं नाकाखालून, तोंडावरून घेऊन मानेशी खोचलं. आत ओठांच्या कडेला पाती. डाव्या हातावर लावाली, नवा सदरा घातलेला, जावळाच्या जागी छान कुरळे केस. मागे डेलू, देवाचं नाव घेत. बायकांच्या घोळक्यात लाराई होती. ती आकाशाकडे बघत होती, म्हणजे पोराकडे बघत नव्हती. टांको पुढच्या रांगेत होता. त्याने तोंडात आधीच रुमाल कोंबून ठेवला होता.

हाकीम घोड्यावरून फाटकाशी आला. हात वर करून त्याने ढोल थांबवले.

"शेकाराऊ, आणलास?"

"आयुष्य वाढो, हुजूर." फडक्याआडून शब्द जरा जाडसर आले. "आणला."

"ऐकू दे."

चौक शांत झाला. शेकाराऊने पोराला उताणं धरलं, डोकं खाली वाकवलं. हीऽऽक. थांबला. हीऽऽक. थांबला. थांबण्याचा त्याने रात्रंदिवस सराव केला होता. लोकांतून "वा!" निघालं. हाकीम खोगिरावरून पुढे झुकला. दुत्सीच्या बाजूने आलेले दोघे वाजंत्री एकमेकांकडे बघू लागले. शेकाराऊला वाटलं, जमलं. आज्याची जागा राहिली. आणि आनंदाच्या भरात गालांनी आपली जुनी सवय धरली. ते फडक्याआड फुगले. सूर लांबला, आणखी लांबला, थांबायचं विसरला.

लावाली हे सगळं खालून बघत होता. त्याच्या तोंडासमोर आजोबांचं फडकं हळूहळू भोपळ्याएवढं होत होतं आणि त्यातून आवाज येत होता. वर्षाच्या आतल्या कुठल्याही समंजस माणसाने केलं असतं तेच त्याने केलं. हात वर नेला, फडकं मुठीत धरलं आणि ओढलं.

फुगलेले गाल, बाहेर आलेले डोळे, ओठांच्या कोपऱ्यात पाती, आणि सूर चालूच. शेकाराऊला थांबता येईना. आयुष्यभर न थांबण्याचीच शिकवण होती. सगळा चौक बघत होता आणि पाती बाळाच्या आवाजात किंचाळत होती. मग कुठे हवा संपली आणि गाल हळूहळू लोंबले.

टांकोच्या तोंडातून रुमाल उडाला.

शेकाराऊने पाती काढून मुठीत घेतली. मान वर न करता म्हणाला, "हुजूर, गळा होता. देवाशपथ होता, गावाने ऐकलाय. पण पोर मोठं झालं, गळा घट्ट झाला. आता याच्या गळ्यात काही नाही. दुत्सीवाल्यांना बोलवा. मी जागा सोडतो."

तो बोलत होता तेवढ्यात लावालीने लोंबणारं फडकं पकडून पुन्हा आजोबांच्या तोंडावर ठेवलं. शब्द आतच अडकले. पोराने लोकांकडे मान वळवली. मग झटकन फडकं ओढलं. आत दोन लोंबते गाल आणि एक अपराधी चेहरा.

आधी घोडेवाले हसले. मग ढोलकरी. मग सगळा चौक असा फुटला की घोडे मागे सरकले. दुत्सीचे वाजंत्री एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते. आकाशाकडे बघणारी लाराई खाली वाकून पोट धरून बसली होती. हाकिमाने डोळे पुसले, फेटा सावरला, पुन्हा पुसले.

"शेकाराऊ, हे याला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, हुजूर. वांड आहे."

"माझ्या बापाच्या वेळेपासून या फाटकाशी लोक मान खाली घालून ऐकत आलेत," हाकीम म्हणाला. "आज पहिल्यांदा मान वर करून हसले. दुत्सीवाले, तुमच्यातल्या कुणाला असं येतं?"

त्यांनी हसत हसतच मान हलवली.

"मग जागा तुमच्याच घराची. पाती लाव रे. पुन्हा करा. मागच्यांना दिसलं नाही."

शेकाराऊने पाती ओठांत धरली. फडकं तोंडावर घेतलं आणि वाजवायला लागला. गाल फुगू लागले. चौक श्वास रोखून लावालीकडे बघत होता. लावालीने मूठ फडक्यावर ठेवली. आणि ओढलं नाही.

फडकं कलिंगडाएवढं झालं. लोक टाचांवर उभे राहिले. पोराने एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे.

"ओढ की रे," आजोबा फडक्याआडून पुटपुटले, सूर न तोडता.

लावाली अजून थोडा थांबला.

"कधी ओढायचं ते याला कळलं!" टांको रडत रडत ओरडला. "अल्ला शपथ, या गुलामाच्या नातवाला कळलं!"

आणि मग पोराने ओढलं.